टायसन का ताकाओ? बेब्लेडवाल्या आजोबाचं काय केलं ह्यायनं?

कापूसकोंड्या (मंगरूळपीर तालुका, जि. वाशीम)

मंडळी, प्रश्न पोरकट वाटन, पण तीन दिवस झाले डोक्यातून जाऊन नाही राहिला.

माहं मोटर वाइंडिंगचं दुकान हाय. हरभऱ्याचं ओलित सुरू झालं का जळक्या मोटरींची रांग लागते, रात्री बारापर्यंत बसा लागते. भाचा दिवाळीच्या सुट्टीत आला हाय, वय बारा. थो दुकानातच मोबाइल घेऊन बसते. परवा वाकून पाह्यलं तर बेब्लेड, थे भवऱ्यायच्या लढाईचं जपानी कार्टून! मी तार सोडून त्याच्याजवळ जाऊन बसलो.

आता हे सांगा लागन का बेब्लेड म्हणजे आमच्यासाठी काय होतं. २००५-०६ ची गोष्ट. गावात कार्टून नेटवर्क दिसे असे दोनच घरं. त्यातल्या एका घरी आम्ही पंधरा पोट्टे खाटीखाली-खाटीवर बसून पाहू. लोडशेडिंग असं का फायनल मॅच सुरू झाली का लाइन गेलीच. मंग पुढं काय झालं असन थे आम्हीच ठरवू. सुताराकडून बाभळीचे भवरे करून आणले, कडेले तेलाच्या डब्याच्या टिनाचे तुकडे ठोकले. एकाच्या पोटरीत घुसला, टिटनसचं इंजेक्शन घ्या लागलं, मंग सगळ्यायच्याच बापायनं आपापले भवरे चुलीत घातले.

तर म्या भाच्याले मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "हा टायसन, आपला हिरो." थो म्हणे, "मामा, टायसन कोण? हा ताकाओ हाय." जपानी आवाज, खाली इंग्रजी अक्षरं. नाव वेगळं. गाणं वेगळं. भवरा सोडताना "लेट इट रिप" नाही, "गो शूट" म्हणतेत. आणि आजोबा! आमचा आजोबा कसा चालू पोट्ट्यासारखा बोले, टपोरी. हा आजोबा तलवारबाजीचा कडक मास्तर निघाला. त्यात भाचा म्हणे, ताकाओचा आवाज बाईनं काढला हाय.

प्रश्न असा का हे सगळं बदलवलं कोणं, आणि काहून? आम्ही पाह्यलं थे खोटं होतं का?

शंभर_नंबरी

कार्टून आहे भाऊ ते. आधी सोयाबीनच्या भावाचं बोला.

आंबियाबहार (वरूडजवळ, जि. अमरावती)

कापूसकोंड्या दादा, प्रश्न पोरकट नाही. माझं पोटच ह्यावर चालतं. सहा वर्षं मी अंधेरीत डबिंगसाठी हिंदी संवाद लिहिले. आता बाबांच्या संत्र्याच्या बागेत असते आणि इथूनच लिहून पाठवते. वावरातली लाइन रातची असते, म्हणून ओलित रातचं, आणि ओलितावर बसल्या बसल्या लॅपटॉपवर राक्षसांची भांडणं. ओळ पात्राच्या तोंडात बसते की नाही हे मोठ्यानं म्हटल्याशिवाय कळत नाही. एकदा रात्री दोनला धुऱ्यावर बसून मी "आज मैं तुझे मिट्टी में मिला दूँगी" हे सात-आठ चालींत म्हणून पाहिलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या वावरातला सालदार आईला विचारायला आला, पोरीला कोणाला दाखवलं का म्हणून.

तर तुमचा आजोबा. तो दोन घरी दत्तक जाऊन तुमच्याकडे आला. बेब्लेड जपानमध्ये २००१ साली सुरू झालं. तिथला जुना लहानसा भोवरा असतो, बेगोमा, त्याच्यावरून नाव. कॅनडाच्या नेल्वाना कंपनीनं ते घेतलं, इंग्रजी केलं, संगीत बदललं, ताकाओचा टायसन केला आणि आजोबाच्या तोंडी तिकडच्या पोरांची फॅशनेबल बोली घातली. म्हातारा माणूस पोरांसारखा बोलला की हशा पिकतो, हे आपल्याकडे तमाशातल्या मावशीलाही माहीत आहे. आपलं हिंदी त्या इंग्रजीवरून झालं. म्हणजे हिंदीवाल्यांनी टायसन केला नाही, त्यांच्या हाती टायसनच आला. मलासुद्धा कामाला येतं ते बहुतेकदा इंग्रजी स्क्रिप्टच. जपानी फक्त कानावर पडतं.

बाईचा आवाज हा मात्र बदल नाही, तो मूळचाच. ताकाओ बोलला मोतोको कुमाई ह्या बाईंच्या आवाजात. ड्रॅगन बॉलचा गोकू १९८६ पासून मासाको नोझावा बोलतात, त्यांचा जन्म १९३६ चा. कारण साधं आहे. मालिका दहा-दहा वर्षं चालते आणि खऱ्या पोराचा आवाज मिसरूड फुटलं की फुटतो.

आता कापाकापी. एकट्या बेब्लेडवर राग काढू नका, त्याचं तर कमीच झालं. अमेरिकेत १९८५ ला 'रोबोटेक' आलं. ती मुळात एक मालिकाच नव्हती. रोज एक भाग दाखवायचा तर पासष्टेक भाग हवेत, आणि 'माक्रोस' ही जपानी मालिका होती छत्तीस भागांची. म्हणून हार्मनी गोल्ड कंपनीच्या कार्ल मेसेक ह्यांनी तिला आणखी दोन मालिका जोडल्या, एक तेवीस भागांची, एक पंचवीस. तिन्हींचा एकमेकींशी काही संबंध नाही. तीन घरच्या चिंध्यांची एक गोधडी, मधल्या एका जोडभागासकट पंच्याऐंशी भागांची. संवाद असे लिहिले की तीन पिढ्यांची एकच गोष्ट वाटावी. मी त्यांना शिव्या देऊ शकत नाही, कारण लेखक म्हणून मला तो खटाटोप आवडतो. एका घरच्या बाईला संवादाच्या जोरावर दुसऱ्या घरची पोरगी ठरवायचं, तेही चित्र एक रेघ न बदलता!

त्याच्या आधी, १९७८ ला, 'गॅचमन' ह्या जपानी मालिकेचं झालं ते मला पटत नाही. एकशे पाच भागांचे पंच्याऐंशी केले, मारामारी कापली, आणि भोकं बुजवायला एक नवाच बडबड्या रोबो काढून मध्ये घुसवला. तो पात्रांना कधी भेटत नाही. नुसता कुठूनतरी येऊन सांगत राहतो की काळजी नको, सगळे सुखरूप आहेत. लग्नात जेवण कमी पडलं की यजमान पंगतीत येऊन जसं बोलतो तसं.

तुम्ही विचारलं बदल काहून. काही ठिकाणी वेळ. जपानी भाग साधारण चोवीस मिनिटांचा, त्यात दीड मिनिट सुरुवातीचं गाणं, दीड मिनिट शेवटचं. अमेरिकेत जाहिराती जास्त, म्हणून भाग आणखी छोटा हवा. काही ठिकाणी धाक. तिकडे कार्टून म्हणजे लेकरांचंच, हा समज पक्का. मग वाहिनीची माणसं यादी घेऊन बसतात: रक्त नको, दारू नको, मेला म्हणू नका. 'वन पीस'मधला सांजी हा स्वैपाकी सतत सिगारेट ओढतो. फोर किड्स कंपनीनं २००४ ला त्याच्या तोंडात लॉलीपॉप दिलं. आपल्याकडे निदान खाली पट्टी लावून विडी विडीच राहू देतात.

पोकेमॉनमधले भाताचे त्रिकोणी मुटके, ओनिगिरी, त्यांना त्याच कंपनीनं डोनट म्हटलं. चित्रात पांढरा भात, खाली काळी पट्टी, आणि बोलणारा म्हणतो डोनट! डोळ्यासमोर भाकर ठेवून पुरणपोळी म्हणायचं.

पण माझी खरी तक्रार ह्यातली कोणतीच नाही. तक्रार आहे शांततेची. जपानी मालिकेत पात्र गच्चीवर उभं राहतं, विजेच्या तारा दिसतात, रातकिडे ओरडतात आणि आठ-दहा सेकंद कोणी बोलत नाही. त्या काळच्या इंग्रजी डबमध्ये अशी जागा दिसली की भरलीच. पाठमोऱ्या पात्राच्या तोंडी विनोद टाकायचा, कारण पाठ असली की ओठ जुळवायची गरज नाही. वर ढोल-गिटार. संगीताला दुसरंही कारण असायचं. आवाज एका पट्टीवर आणि संगीत वेगळ्या पट्टीवर आलं नाही तर जपानी बोलणं पुसताना संगीतही पुसलं जायचं. आणि नवीन संगीत घातलं की त्याची रॉयल्टी नव्या माणसाला. एखाद्या पात्राचं नाव बदललं तर तुमचा भाचा बारा वर्षांचा असून ते पकडतो. ही शांतता गेली हे मात्र कोणाच्या लक्षातच येत नाही, कारण नसलेलं ऐकू कसं येणार?

माझ्याही हातून हे पाप झालं आहे. एका मालिकेत आई मुलाचा डबा भरते, वीस सेकंद. वरून निरोप आला, "डेड एअर आहे, काहीतरी लिहा." मी त्या बाईला गुणगुणायला लावलं. अजून आठवलं की अंगावर काटा येतो.

पुसदचा_निन्जा

म्हणूनच मी डब बघतच नाही. सबटायटल्स जिंदाबाद. ताई, तुम्ही ड्रॅगन बॉल झी विसरलात. १९९६ ला फनिमेशन आणि सबान ह्यांनी आणलं तेव्हा पहिले सदुसष्ट भाग कापून त्रेपन्न केले होते. कोणी मेलं की तो "दुसऱ्या मितीत" गेला. आणि सगळ्यात भारी म्हणजे नरकातल्या दोन राक्षसांच्या बनियनवर इंग्रजीत HELL ची चार अक्षरं होती (मोबाइलवर देवनागरीत कशी लिहू, एच-ई-एल-एल). तर दोन अक्षरं खोडून एच-एफ-आय-एल केलं, आणि त्याचा फुल फॉर्म शोधला "होम फॉर इन्फिनिट लूजर्स". 😂 चित्रावर ब्रश मारून नरकाचं वसतिगृह केलं राव.

आवाजाचं पण तेच. पहिले भाग कॅनडात व्हँकुव्हरला झाले. नंतर पैसे वाचवायला फनिमेशननं सगळं टेक्सासमध्ये स्वतःकडे आणलं, १९९९ पासून गोकूचा आवाज शॉन शेमेल, त्याच्या प्रतिस्पर्ध्याचा, वेजिटाचा, ख्रिस सॅबट. वेजिटा गोकूची ताकद मोजून ओरडतो त्या "नऊ हजाराच्या वर" साठी जगभर फेमस आहे, तो आकडा जपानीत आठ हजार आहे. तो जुन्या व्हँकुव्हरवाल्या डबमधला. म्हणजे चुकीचाच डायलॉग अमर झाला!

बाकी ज्याला ओरिजिनल बघायचं नाही त्यानं ॲनिमे (जपानी कार्टून) बघूच नये असं माझं मत. (आमच्या हॉस्टेलमध्ये ह्यावरून एकदा रूम बदलली आहे एकानं.)

@मामा, तुमचा भाचा हुशार आहे.

आंबियाबहार

निन्जा, एच-एफ-आय-एल मी खरंच विसरले होते, धन्यवाद. एक दुरुस्ती नाही, पुरवणी: हीच मालिका २००९ ला जपाननं स्वतः 'काई' नावानं कापून आखूड केली. म्हणजे कात्री फक्त अमेरिकेकडेच नाही.

पण "बघूच नये" ला माझा विरोध. माझी आजी नव्वदीची आहे, डोळ्यात मोतीबिंदू, तिला डोरेमॉन हिंदीत ऐकायला आवडतो. सोनल कौशलचा तो आवाज आला की ती भिंतीला टेकून बसते आणि मध्येच नोबिताला "मेल्या, अभ्यास कर" म्हणते. तिला तू इंग्रजी सबटायटल दाखवणार? आणि सबटायटलमध्ये कापत नाहीत असं तुला वाटतं का? दोन ओळींत मावलं पाहिजे आणि वाचून झालं पाहिजे, म्हणून निम्मं बोलणं तिथंही उडतं. फक्त मूळ आवाज शाबूत असतो म्हणून पाहणाऱ्याला सगळं मिळाल्यासारखं वाटतं.

डोरेमॉनवरून आठवलं. २०१४ ला तो अमेरिकेत डिस्नेच्या वाहिनीवर गेला तेव्हा नोबिताचा नोबी झाला, शिझुकाची सू, जियानचा बिग जी. चॉपस्टिकच्या जागी काटा, येनच्या नोटांच्या जागी डॉलर, भाजलेल्या रताळ्याच्या गाडीची पॉपकॉर्नची गाडी. नोबिताच्या पेपरवरचा शून्य पुसून तिथं इंग्रजी एफ लिहिला. आणि आपल्या हिंदीत नोबिता नोबिताच राहिला, शिझुका शिझुका, शून्य शून्य. आपल्याला समजावून सांगावं लागलं नाही. भोपळा म्हणजे काय हे आपल्या लेकरांना बालवाडीपासून ठाऊक. जपानी घरात चप्पल दारात काढतात, आई जेवायला हाका मारते, शाळेत बाक पुसावे लागतात. ह्यातलं काहीच आपल्याला परकं नाही, म्हणून आपल्याकडे पुसायला कमी लागलं.

सगळी कात्री वाईटही नसते, हे लिहायचं राहिलं. १६ डिसेंबर १९९७ ला जपानमध्ये पोकेमॉनच्या एका भागात लाल-निळा उजेड भराभर लुकलुकला आणि सहाशे पंच्याऐंशी लोकांना, बहुतेक लेकरंच, ॲम्ब्युलन्सनं दवाखान्यात न्यावं लागलं. तो भाग पुन्हा कुठंच दाखवला नाही. त्यानंतर असे उजेड मंद करूनच येतात.

'सेलर मून'मध्ये दोन मुलींचं एकमेकींवर प्रेम आहे. २००० च्या सुमारास इंग्रजीत त्यांना चुलत-मामे बहिणी करून टाकलं. शब्द बदलले, पण चित्र तेच ठेवलं, त्यांचं बघणं तेच, हात धरणं तेच. लपवायला गेले आणि आणखीच विचित्र होऊन बसलं. गावाकडे एखाद्या भानगडीवर पांघरूण घालायला "ती त्याची दूरची बहीण आहे" म्हणतात आणि त्यानंतरच सगळं गाव बघायला लागतं.

कापूसकोंड्या

ताई, सालदाराची गोष्ट वाचून दुकानात एकटाच हासलो, गिऱ्हाईक पाहून राहिलं होतं.

निन्जा भाऊ, मी हॉस्टेलात नाही राह्यलो, मले दोन मिनिटांत दोन ओळी इंग्रजी वाचता येत नाही. म्या जे पाह्यलं थे हिंदीतच पाह्यलं आणि रडलो पण हिंदीतच.

एक विचारायचं राह्यलं. पोकेमॉनच्या ॲशचा इंग्रजी आवाज मधातच बदलला असं भाचा म्हणते. माणूस जित्ता असताना काहून बदलवतेत?

आंबियाबहार

पैसा आणि मालकी, दादा. ॲशचं (जपानीत तो सातोशी) इंग्रजी पहिले आठ सीझन फोर किड्सनं केलं, आवाज व्हेरोनिका टेलर. २००६ ला पोकेमॉनच्या कंपनीनं काम स्वतःकडे घेतलं आणि जवळजवळ सगळेच आवाज नवे घेतले. ॲश सारा नाटोचेनीकडे गेला. लेकरं वर्षानुवर्षं ज्या आवाजासोबत जेवली तो एका सोमवारी... वार मला माहीत नाही, पण तुम्हाला कळलं.

कधी भांडण युनियनचं असतं. २०२२ ला 'मॉब सायको'च्या तिसऱ्या सीझनला काइल मॅकार्ली ह्या नटाचं म्हणणं एवढंच होतं की पुढच्या कामांसाठी कंपनीनं कलाकारांच्या युनियनशी निदान एकदा बोलावं. कंपनीनं नाही म्हटलं आणि मुख्य पात्राचा आवाज बदलला. आपल्याकडे आवाज बदलला तर बातमीसुद्धा होत नाही.

सगळ्या ह्या गोंधळात एक जण मात्र बदलला नाही. पिकाचू. इकुए ओतानी बाईंनी जपानीत जे "पिका पिका" केलं तेच इंग्रजीतही ठेवलं.

निवृत्त_मास्तर (दारव्हा)

चर्चा वाचून ज्ञानात भर पडली. मी एकही कार्टून पूर्ण पाहिलेलं नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत बत्तीस वर्षे मराठी शिकवले, म्हणून भाषेपुरते विचारतो. आंबियाबहार ताई, जपानीतून थेट मराठीत केले तर? आणि मराठीत म्हणजे आपल्या वऱ्हाडीत? की हे नुसते स्वप्नरंजन?

आंबियाबहार

सर, तुम्ही माझ्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं. बागेला पाणी सुरू आहे, चार तास आहेत, लांबलं तर माफ करा.

जपानीत क्रियापद शेवटी येतं आणि "नाही" त्याच्याही शेवटी. समजा पात्राला म्हणायचं आहे की मी त्याला मारलं नाही. जपानीत: "ओरे वा... आइत्सु ओ... कोरोशिते... इनाई." ते "इनाई" येईपर्यंत ऐकणाऱ्याला वाटतं मारलंच. कॅमेरा बरोबर शेवटच्या अक्षरावर ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर जातो. इंग्रजीत नकार दुसऱ्या-तिसऱ्या शब्दालाच येऊन बसतो. चेहरा दिसेपर्यंत गुपित फुटलेलं असतं, मग उरलेल्या वेळात काहीतरी भरताड. हिंदीतही साधं बोलायचं तर "मैंने उसे नहीं मारा", नकार क्रियापदाच्या आधीच. आणि मराठीत? "मी... त्याला... मारलं... नाही." जसंच्या तसं. अंधेरीत मला हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी लेखणी खाली ठेवून सरळ चहाला गेले. आपली भाषा त्या चित्रावर बसवलेली निघते आणि आपण मात्र अमेरिका फिरून येतो.

शेवटचा "ने" तर विचारूच नका. जपानी माणूस वाक्याच्या शेवटी "ने" लावतो, दुजोरा मागायला. आपण "ना". "सोउ देसु ने" म्हणजे "हो ना". ओठसुद्धा जवळपास तेवढेच उघडतात. ओठांचं म्हणाल तर ॲनिमेत तोंडाची चित्रं बहुतेक तीनच असतात, मिटलेलं, अर्धं, उघडं. माणसाच्या सिनेमासारखं प-फ-ब-भ-म ला ओठ मिटलेच पाहिजेत असं कोणी पाहत नाही. तोंड जेव्हा सुरू होतं तेव्हा सुरू व्हायचं आणि थांबतं तेव्हा थांबायचं. ते एवढं पाळलं की झालं.

नात्याचे शब्द घ्या. जपानी पोरगा मोठ्या भावाला नावानं हाक मारत नाही, "निईचान" म्हणतो. इंग्रजीत ते पडतं आणि नाव येतं. एका कामात माझ्याकडे आलेल्या स्क्रिप्टमध्ये धाकटा भाऊ मोठ्याला सरळ नावानं बोलावत होता. मी मागचा जपानी ट्रॅक लावून ऐकला, स्वच्छ "निईचान". मी सगळीकडे "भैया" लिहिलं. वरून सगळीकडे लाल होऊन परत आलं, "स्क्रिप्टप्रमाणे ठेवा." मी पुन्हा "भैया" लिहिलं. तिसऱ्यांदा त्यांनी सोडून दिलं, मला वाटतं कंटाळून. आणखी एकदा इंग्रजीत "थँक्स" होतं आणि चित्रातली बाई ओशाळून वाकत होती. जपानी शब्द होता "सुमिमासेन". तो माफीलाही चालतो आणि आभारालाही. तिथं मी "अरे, आपको तकलीफ़ दी" लिहिलं. ते मात्र पास झालं.

आता वऱ्हाडी. जपानमध्ये ओसाका-क्योतोकडची कान्साई बोली आहे. टोकियोवाले तिच्याकडे ज्या नजरेनं पाहतात ती नजर आपल्याला चांगली ओळखीची आहे, सर. 'अझुमांगा दाइओ'मध्ये ओसाकाहून आलेली एक पोरगी आहे, तिला वर्गात नावच "ओसाका" पडतं. इंग्रजी डब टेक्सासमध्ये झाला, तिला अमेरिकेच्या दक्षिणेकडची बोली दिली. बरं जमलं ते, माझ्या कानाला तरी. पण बघा, बोली कोणाला मिळाली? वेंधळ्या पोरीला. मराठीतही तेच आहे. नायक प्रमाण बोलतो, आणि वऱ्हाडी मिळते ती ड्रायव्हरला नाहीतर हसवणाऱ्या मामाला. मला वऱ्हाडीत डब करायचं असेल तर अट एकच, सगळ्यांनीच वऱ्हाडी बोलायचं. राक्षसानंही, राजकन्येनंही, देवानंही. एकट्यानं बोललं तर तो विनोद होतो, सगळ्यांनी बोललं की ती भाषा होते.

कोण पैसे घालील हे मला विचारू नका. २०२५ ला 'डीमन स्लेयर'चा सिनेमा आपल्याकडे आला, हिंदी होतं, तमिळ होतं, तेलुगू होतं. मराठी नव्हतं. दंड आता तिसऱ्या ओळीला लावायचा आहे, येते.

पुसदचा_निन्जा

"मी... त्याला... मारलं... नाही" वालं मी आत्ता तीन भागांवर चेक केलं. ताई 🙏. डब बघणार नाही, पण असं झालं तर बघीन.

कापूसकोंड्या

मंडळी, काल रविवार. दुकान बंद. भाच्यानं मोबाइलवर बेब्लेडचा अर्ध्या मिनटाचा तुकडा आवाज बंद करून लावला आणि आम्ही दोघं वऱ्हाडीत बोलाले बसलो. फक्त घरच्यासाठी, कुठं टाकून नाही राहिलो.

"तीन, दोन, एक" बरोबर बसलं. पुढचं बसे ना. "सोड" म्हटलं तर तोंड दोनदा उघडते आणि शब्द एकच. "फिरव" गुळमुळीत वाटे. लहानपणी आम्ही काय म्हणत होतो थे आठवून पाह्यलं. आम्ही म्हणू "हान!" पण थेही एकच. एक घंटा गेला. बहीण दोनदा जेवाले बोलवून गेली. शेवटी भाचाच ओरडला, "हान बे!" आणि थे असं बसलं का दोघंही खाटीवरून उठलो.

नाव टायसनही नाही ठेवलं आणि ताकाओही नाही, "दादा" केलं, कारण समोरचा पोट्टा लहान दिसते. ताईचं ऐकून मधातल्या जागी काहीच बोललो नाही. तिथं आमच्या कोंबडीचा आवाज आला, राहू देला.

आता आजोबा राह्यला हाय. माह्या बाबाले म्हटलं, कडक मास्तरासारखं दोन वाक्य बोला. थे म्हणे, पैसे किती भेटन?

आंबियाबहार

बाबांना सांगा, आधी काम, पैशाचं मागून पाहू. मला अजून मागच्या मृग बहाराच्या वेळचे यायचे आहेत.